पद्म राहू द्या, वर्ग काढा

दरवर्षी २५ जानेवारीच्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी जाहीर होते आणि तासाभरात घराघरांत एक वाक्य ऐकू येतं: "एवढ्या मोठ्या माणसाला नुसती पद्मश्री?" यातल्या 'नुसती' या शब्दाकडे आपण कधी नीट पाहत नाही. चाळीस-पन्नास वर्षं एखाद्या कामात झिजलेल्या माणसाला राष्ट्र सन्मान देतं आणि त्याच क्षणी त्या सन्मानाला 'नुसती' चिकटते. दोष म्हणणाऱ्याचा नाही. पद्मश्रीच्या वर आणखी दोन पायऱ्या सरकारनेच बांधून ठेवल्या आहेत. त्या पायऱ्या काढून टाकाव्यात, पद्म सन्मान एकाच दर्जाचा करावा आणि प्रत्येक नावामागचं कारण छापून द्यावं, असं माझं म्हणणं आहे.

या पायऱ्या आल्या कुठून, ते आधी पाहू. २ जानेवारी १९५४ रोजी केंद्राने दोन सन्मान सुरू केले, भारतरत्न आणि पद्मविभूषण. पद्मविभूषणाचे तीन भाग होते आणि त्यांची नावं सरळ सरळ 'पहिला वर्ग', 'दुसरा वर्ग' आणि 'तिसरा वर्ग' अशी होती. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून देश प्रवास करत होता, तो हा काळ. सन्मानालाही तिसरा वर्ग असावा हे कुणाला तरी खटकलं असणार, कारण ८ जानेवारी १९५५ च्या अधिसूचनेने नावं बदलली. पहिला वर्ग पद्मविभूषण झाला, दुसरा पद्मभूषण आणि तिसरा पद्मश्री. नावं देखणी झाली, उतरंड तशीच राहिली. शौर्य पुरस्कारांतही असंच घडलं होतं. १९५२ मध्ये सुरू झालेल्या अशोकचक्राचे पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग होते. १९६७ मध्ये त्यांची नावं अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र अशी झाली. मात्र शौर्याच्या बाबतीत वर्ग का टिकू शकतात आणि पद्मच्या बाबतीत का टिकू नयेत, यात मोठा फरक आहे. त्याकडे पुढे येतो.

तीन दर्जांचे निकष सरकारी शब्दांत पाहा. पद्मश्री 'विशिष्ट सेवे'साठी, पद्मभूषण 'उच्च कोटीच्या विशिष्ट सेवे'साठी आणि पद्मविभूषण 'असाधारण आणि विशिष्ट सेवे'साठी. विशिष्ट सेवा उच्च कोटीची कधी होते आणि उच्च कोटीची सेवा असाधारण कधी ठरते, हे कुठेही लिहिलेलं नाही. किती वर्षांचं काम, किती लोकांवर परिणाम, एका जिल्ह्यात की देशभर, नवं शोधलं की असलेलं टिकवलं, यातलं काहीच मोजपट्टीत नाही. विशेषणांच्या तीन मात्रा आहेत, इतकंच.

ही मोजपट्टी हाती घेऊन निर्णय करणारी समिती दरवर्षी पंतप्रधान नेमतात. मंत्रिमंडळ सचिव तिचे अध्यक्ष असतात. गृहसचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि चार ते सहा मान्यवर व्यक्ती सदस्य असतात. समितीच्या शिफारशी पंतप्रधानांकडे आणि राष्ट्रपतींकडे जातात. कला, समाजकार्य, सार्वजनिक जीवन, विज्ञान आणि अभियांत्रिकी, उद्योग, वैद्यक, साहित्य आणि शिक्षण, प्रशासन, क्रीडा अशी सगळी क्षेत्रं या दहाएक लोकांसमोर येतात. एखाद्या आदिवासी पाड्यावर तीस वर्षं बाळंतपणं करणारी दाई आणि महानगरातला हृदयशल्यविशारद या दोघांनाही सन्मान द्यावा, हे ही समिती ठरवू शकते. तेवढा विवेक तिच्याकडे आहे असं मी मानतो. पण या दोघांत कोण वरच्या पायरीवर आणि कोण खालच्या, हे ठरवण्याची विद्या कोणाकडेच नाही. सतारीचं काम आणि बियाण्याचं काम एका तराजूत घालता येत नाही. घातलं की तराजू आपोआप ओळखीच्या, शहरी, इंग्रजी वर्तमानपत्रांत ज्याचं नाव आधीच येतं अशा माणसाकडे झुकतो. त्यासाठी कुणी वाईट हेतूने वागावं लागत नाही.

आकडे पाहा. २०२३ मध्ये १०६ पुरस्कार दिले गेले. त्यात ६ पद्मविभूषण, ९ पद्मभूषण आणि ९१ पद्मश्री. २०२४ मध्ये १३२ पैकी ५, १७ आणि ११०. २०२५ मध्ये १३९ पैकी ७, १९ आणि ११३. म्हणजे पाचातले चार मानकरी, किंबहुना त्याहून थोडे जास्तच, तळच्या पायरीवर असतात. ज्यांच्यामुळे गेल्या काही वर्षांत या पुरस्कारांना 'लोकांचे पद्म' म्हणायला सुरुवात झाली, ती बहुतेक नावं याच पायरीवर आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली, त्यांना २०२० मध्ये पद्मश्री. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याचं जंगल गावकऱ्यांना सोबत घेऊन राखणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री. यांना सन्मान मिळाला याचा आनंद आहेच. पण खेड्यापाड्यातलं काम सरकारी मापात कायम पहिल्या पायरीपर्यंतच का पोहोचतं, हा प्रश्न विचारायलाच हवा.

मारुती चितमपल्लींचं उदाहरण मला फार बोचतं. वनखात्यात नोकरी करता करता त्यांनी रानाची, पाखरांची, झाडांची भाषा मराठीत आणली. पक्ष्यांसाठी, झाडांसाठी आज आपण जे कितीतरी शब्द सहज वापरतो, त्यांच्यामागे त्यांचे कष्ट आहेत. १९३२ चा जन्म, आणि पद्मश्री मिळाली २०२५ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर. त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. नियम असा की एकदा पद्म सन्मान मिळाल्यावर वरच्या दर्जाचा विचार किमान पाच वर्षांनी होऊ शकतो. अतिशय योग्य प्रकरणात सवलत देता येते, पण ती अपवाद म्हणूनच. नव्वदीतल्या माणसाला पहिल्या पायरीवर उभं करायचं आणि पुढच्या पायरीसाठी पाच वर्षं थांबायला सांगायचं, हे त्या नियमाचं रोखठोक रूप आहे.

शिडी कशी चालते ते भीमसेन जोशींच्या उदाहरणात दिसतं. १९७२ मध्ये पद्मश्री, १९८५ मध्ये पद्मभूषण, १९९९ मध्ये पद्मविभूषण आणि २००८ मध्ये भारतरत्न जाहीर. छत्तीस वर्षांत चार पदकं. पंडितजींचं गाणं १९७२ मध्ये फक्त 'विशिष्ट' होतं आणि १९८५ मध्ये 'उच्च कोटीचं' झालं, असं त्यांचं गाणं ऐकलेला कोणी म्हणेल का? बदललं ते गाणं नव्हे, सरकारचं मोजमाप. शिडी असली की ती चढवावीच लागते. मग यादीतल्या काही जागा नव्या माणसांऐवजी आधीच सन्मानित झालेल्यांच्या बढतीत जातात. मरणोत्तर, अनिवासी आणि परदेशी मानकरी सोडून वर्षाला १२० ची मर्यादा असलेल्या यादीत अशी प्रत्येक बढती कोणाची तरी पहिली संधी घेते.

ज्यांनी पुरस्कार नाकारले, त्यांच्याकडेही पाहावं. तत्त्व म्हणून सरकारी सन्मान घ्यायचाच नाही, असं मानणारे असतात. इतिहासकार रोमिला थापर यांनी दोनदा पद्मभूषण नाकारलं, त्यामागे अशी भूमिका होती. पण कलावंतांच्या नकारात वेगळंच दिसतं. उस्ताद विलायत खाँ यांनी १९६४ मध्ये पद्मश्री, १९६८ मध्ये पद्मभूषण आणि २००० मध्ये पद्मविभूषण असे तिन्ही दर्जे नाकारले, कारण आपलं वादन पारखण्याची योग्यता निवड समितीकडे आहे, हे त्यांना मान्य नव्हतं. सितारादेवींनी २००२ मध्ये पद्मभूषण नाकारलं, एस. जानकींनी २०१३ मध्ये. जानेवारी २०२२ मध्ये बंगालच्या ज्येष्ठ गायिका संध्या मुखोपाध्याय यांना वयाच्या नव्वदीत पद्मश्री देऊ केली गेली. त्यांनी ती घेतली नाही आणि पुढच्याच महिन्यात त्या गेल्या. यातल्या बहुतेकांचा राग सन्मानावर नव्हता, त्याच्या दर्जावर होता. गौरव म्हणून दिलेली वस्तू घेणाऱ्याला अपमान वाटावी, अशी रचना राष्ट्राने का जपायची?

कोणी म्हणेल, दर्जे असतात कारण त्यांना काही व्यावहारिक अर्थ असतो. पद्मच्या बाबतीत तसं काही नाही. मानकऱ्याला राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळतं, शिवाय समारंभात लावण्यासाठी पदकाची लहान प्रतिकृती. रोख रक्कम नाही, रेल्वे किंवा विमान प्रवासात सवलत नाही. राजशिष्टाचाराच्या क्रमवारीत भारतरत्नाला ७ अ हे स्थान आहे, पद्म सन्मानांपैकी एकालाही स्थान नाही. खुद्द पदकंही एकाच घडणीची: कोलकात्याच्या अलीपूर टांकसाळीत पाडलेली, काळपट झाक दिलेल्या काशाची, मधे कमळ, कमळाच्या वर 'पद्म' आणि खाली उरलेला शब्द देवनागरीत, मागे राजमुद्रा. पद्मविभूषणाचं पदक पावणेदोन इंच व्यासाचं आणि अष्टमांश इंच जाड असतं. फीत गुलाबी. उठावावरचा सोन्याचा मुलामा आणि फितीचे पट्टे यांवरून दर्जा ओळखायचा. तीन दर्जांनी पैशात, सोयीत, शिष्टाचारात कसलाच फरक पडत नसेल तर त्यांचं एकच काम उरतं, माणसाला माणसाच्या खाली बसवणं.

राज्यघटनेच्या दृष्टीनेही हे अवघड आहे. अनुच्छेद १८ प्रमाणे सैन्यविषयक आणि शैक्षणिक मानविशेष सोडून राज्याला कोणताही किताब देता येत नाही. रावबहादूर, रावसाहेब, खानबहादूर या किताबांनी ब्रिटिशांनी समाजात जी उतरंड रचली होती, ती घटनाकारांनी मुद्दाम मोडली. त्याच आधारावर पद्म पुरस्कारांना आव्हान दिलं गेलं. बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी निर्णय दिला की हे पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत. ते नावाआधी किंवा नावानंतर लावता येणार नाहीत, आणि लावल्यास पुरस्कार काढून घेता येईल. मात्र त्याच निर्णयात न्यायालयाने निवडीचे निकष अतिव्यापक, संदिग्ध आणि गैरवापराला वाव देणारे असल्याचं स्पष्ट म्हटलं. संख्या फार वाढली तर सन्मानाचं मोल घटेल, अशी काळजीही व्यक्त केली. पुरस्कार वाचले, टीका मात्र आजही तशीच लागू आहे.

नावाआधी 'पद्मश्री' लावण्याची सवय महाराष्ट्रात खोल रुजली आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, व्याख्यानांची निमंत्रणं, सगळीकडे ती दिसते. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या अधिकृत नावातच 'पद्मश्री डॉ. विठ्ठलराव विखे पाटील' आहे. त्यामागे लोकांचं प्रेम आहे, हे मी नाकारत नाही. पण पदवीसारखा वापर होण्याचं एक कारण हे दर्जेच आहेत. दर्जा आला की तो सांगावासा वाटतो. सन्मान एकच असेल, तर नावाआधी कोणता शब्द लावायचा ही स्पर्धाच संपते.

आता शौर्य पुरस्कारांकडे येतो. परमवीरचक्र, महावीरचक्र, वीरचक्र हेही दर्जे आहेत. तरीही त्यांच्याबद्दल 'नुसतं वीरचक्र' असं कोणी म्हणत नाही. कारण तिथे प्रत्येक पदकासोबत कृतीचं लेखी वर्णन येतं. मुंबई सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांना १९४८ च्या नौशेरा–राजौरी मोहिमेसाठी परमवीरचक्र मिळालं. ८ ते ११ एप्रिल या दिवसांत त्यांनी शत्रूच्या माऱ्याखाली सुरुंग काढले, रस्त्यावरचे अडथळे दूर केले आणि रणगाड्यांना वाट करून दिली, हे सगळं दिवसवार नोंदलेलं आहे. शत्रूसमोर केलेली एक ठरावीक कृती असते, तिला साक्षीदार असतात, आणि दोन कृतींत जोखमीची तुलना करता येते. तिथला दर्जा वर्णनातून निघतो. पद्मच्या बाबतीत समारंभाच्या दिवशी मानकऱ्यांची ओळख देणारी छोटी पुस्तिका निघते. ती चरित्र सांगते. अमक्याला भूषण आणि तमक्याला श्री का, याचा एक शब्दही त्यात नसतो.

फ्रान्सच्या लेजिओं दॉनरमध्येही दर्जे आहेत, १८०२ पासून. पण त्यांना निदान नियम आहेत. अपवाद सोडले तर सुरुवात सर्वांत खालच्या 'शेव्हालिए' या दर्जापासून, तीही किमान वीस वर्षांच्या कामानंतर. तिथून 'ऑफिसिए' व्हायला आठ वर्षं, पुढे 'कोमांदर' व्हायला पाच, आणि प्रत्येक वेळी नव्या कामाचा पुरावा. म्हणजे तिथला दर्जा सांगतो की तू या वाटेवर किती चाललास. आपल्याकडे एक माणूस थेट पद्मविभूषणावर येतो, दुसरा पद्मश्रीवर थांबतो आणि तिसरा मधली पायरी ओलांडून जातो. बाबा आमटेंना १९७१ मध्ये पद्मश्री आणि १९८६ मध्ये थेट पद्मविभूषण मिळालं. शिडीचा नियम नाही आणि शिडी मात्र आहे. याच्या उलट ब्रिटनच्या १९०२ च्या 'ऑर्डर ऑफ मेरिट'मध्ये दर्जाच नाही. एकाच वेळी चोवीसहून जास्त सदस्य नसावेत, एवढाच नियम. राधाकृष्णन आणि मदर तेरेसा यांना तो सन्मान मिळाला होता. दर्जा नाही म्हणून त्याची किंमत कमी झाली, असं कोणी म्हटलेलं नाही.

'सगळ्यांना एकाच मापाने मोजाल तर थोर आणि बरे यांत फरक कसा करायचा?' हा आक्षेप मला रास्त वाटतो. उत्तर असं की तो फरक त्या त्या क्षेत्राने करावा. साहित्य अकादमीची महत्तर सदस्यता एका वेळी एकवीस जणांनाच असते, संगीत नाटक अकादमीची चाळीस जणांना. खेळाडूंना अर्जुन आणि खेलरत्न आहेत. तिथे लेखक लेखकाला आणि गायक गायकाला पारखतो. गाण्याची गाण्याशी तुलना होते, बियाण्यांशी नाही. राष्ट्राने एवढंच सांगावं की या माणसाचं काम आम्ही पाहिलं, आणि ते काय आहे ते हे.

दुसऱ्या टोकाला आचार्य कृपलानी होते. १९६९ मध्ये त्यांनी असे सगळे सन्मान बंद करणारं खासगी विधेयक लोकसभेत आणलं आणि ते फेटाळलं गेलं. जनता सरकारने १९७७ मध्ये पुरस्कार खरोखरच बंद केले, १९८० मध्ये ते पुन्हा सुरू झाले. मला हा मार्ग मान्य नाही. कोंभाळण्यात बियाणं जपणाऱ्या बाईला राष्ट्रपती भवनात बोलावणं ही मोठी गोष्ट आहे. तिच्या गावात, तालुक्यात, कृषी खात्याच्या कचेरीत त्याने फरक पडतो.

सुधारणेला घटनादुरुस्ती लागत नाही. १९५५ मध्ये तीन नावं एका अधिसूचनेने आली, तशाच एका अधिसूचनेने दोन नावं पुढे थांबवता येतील. राखायचं नाव पद्मश्रीच असावं, असं माझं मत आहे. लोकांच्या तोंडी तेच सर्वांत जास्त रुळलं आहे, आणि वर काही उरलं नाही की 'नुसती' आपोआप गळून पडते. साचा अलीपूरला तयारच आहे. आजवरच्या पद्मभूषण आणि पद्मविभूषण मानकऱ्यांची पदकं त्यांच्याकडेच राहावीत, मागे जाऊन काही बदलू नये. सन्मान एका माणसाला एकदाच मिळावा, म्हणजे पाच वर्षांचं कलमही जाईल.

आकड्याची मर्यादा खरी करावी. आज १२० मध्ये मरणोत्तर सन्मान, अनिवासी भारतीय आणि परदेशी नागरिक धरले जात नाहीत, म्हणून यादी १३२ किंवा १३९ वर जाते. सगळे मिळून १०० पुरेत. मरणोत्तर सन्मान सहसा देऊ नये असा नियम असताना २०२५ च्या सात पद्मविभूषणांपैकी तीन मरणोत्तर होते. जिवंतपणी पाहायला उशीर झाला, याची ती कबुली आहे. दर्जाचा घोळ गेला तर समितीचा तो वेळ माणसं वेळेवर शोधण्यात जाईल.

यात सर्वांत महत्त्वाचं काम लिहिण्याचं आहे. नामांकन आता ऑनलाइन होतं, कोणीही कोणाचं करू शकतो, स्वतःचंही. कामाचं वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत द्यायचं असतं. नामांकनं बहुतेक इथेच बिघडतात. आठशे शब्दांतले सहाशे शब्द आधी मिळालेले सत्कार, शाली, मानपत्रं आणि 'अष्टपैलू', 'निःस्वार्थी', 'तळमळीचे' यांत जातात. हवं असतं वेगळंच: काम कोणत्या वर्षी आणि कुठे सुरू झालं, आधी तिथे काय होतं, आता काय आहे, किती एकर, किती वाणं, किती विद्यार्थी, किती शस्त्रक्रिया, आणि तो माणूस नसता तर काय झालं नसतं. समितीनेही हीच शिस्त स्वतःला लावावी. २५ जानेवारीच्या यादीत प्रत्येक नावापुढे दीडशे शब्दांचं कारण असावं, तेच राजपत्रात आणि सनदेवर छापावं, आणि ते ठरवणाऱ्या समिती सदस्यांची नावं यादीसोबतच द्यावीत. कारण लिहावं लागलं की कमकुवत नाव समितीच्या टेबलावरच अडतं, कारण दीडशे शब्द विशेषणांनी भरून काढणं राजपत्रात शोभत नाही.

भारतरत्नाची गोष्ट वेगळी आहे. त्याला समिती नाही, शिफारस थेट पंतप्रधानांकडून राष्ट्रपतींकडे जाते. वर्षाला तीनची मर्यादा असूनही २०२४ मध्ये पाच जाहीर झाले. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. पद्मची दुरुस्ती मात्र भारतरत्नासाठी अडवून ठेवायचं कारण नाही. पुढच्या वर्षीची नामांकनं मागवण्याआधी ही अधिसूचना निघाली, तर त्याच वर्षीची यादी एका दर्जाची आणि कारणांसह निघू शकते.